सव्वाचार लाथा

लांब पल्ल्याच्या फ्रीस्टाइलमध्ये माणूस पुढे जातो तो मुख्यतः हातांनी. पाय नुसते मागून येतात. परंतु हात काय करतात हे कुणालाही दिसतं, म्हणून जबाबदार समाजाने लक्ष ठेवायचं ते पायांवर. आमच्या संकुलाने ही जबाबदारी १९९९ साली स्वीकारली.

एव्हरशाईन सिटी ओलांडून रिक्षाने बरंच पुढे गेलं की आमचं सागरदर्शन संकुल लागतं (सागर दिसत नाही, तो रुळांच्या पलीकडे आहे). संकुलाला जलतरण तलाव आहे. तो उत्तम बांधीव असून त्यात पाणी नाही. पाणी टँकरने येतं, आणि ते तलावात सोडा असं सुचवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. त्यामुळे उथळ बाजूला पापड वाळतात, खोल बाजूला ज्येष्ठ नागरिक सावलीला बसतात, आणि बुडणाऱ्यांचं प्रमाण शून्य टक्के आहे.

तलाव म्हटला की समिती आलीच. अध्यक्ष जयवंतराव, मंत्रालयातून निवृत्त. सुमेध, बँकेत संगणकावर बसणारा. संपदाताई शाळेत पी.टी. घेतात. चिटणीस मी. चौघांपैकी एकालाही पोहता येत नव्हतं, त्यामुळे पक्षपाताला वाव नव्हता.

समितीपुढे आलेलं पहिलं प्रकरण विलास आणि वसुंधरा यांच्या ऋतिकाचं. कॉलेजात जाणारी ही मुलगी नंदाखाल गावी ॲंजेला नावाच्या मैत्रिणीच्या वाडीतल्या बावखलात परस्पर पोहायला शिकली होती. (बावखल म्हणजे केळी-नारळांना पाणी पुरवणारं तळं. त्यात पाणी असतं, एवढाच त्याचा दोष.) तिला ठाण्याला जिल्हा स्पर्धेत दीड हजार मीटर पोहायचं होतं. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती, म्हणजे संधी शेवटची, आणि अर्जावर शिक्का हवा होता बांधीव तलावाचा. तो आमच्याकडे होता.

"काका, फक्त शिक्का हवाय," ती म्हणाली.

फक्त शिक्का असं काही नसतं, हे जयवंतरावांनी तिला प्रेमाने समजावलं. आधी तिच्या लाथा तपासणं भाग होतं. सुमेधने सायबर कॅफेत बसून माहिती काढली होती. लांब पल्ल्याला हातांच्या एका फेरीत दोनच किक मारतात: उजवा हात पाण्यात शिरताना डावा पाय खाली, डावा हात शिरताना उजवा. पायांचे स्नायू मोठे, ते दम लवकर संपवतात, म्हणून एरवी त्यांना स्वस्थ ठेवायचं. सहा मारतात त्या कमी अंतराला.

"दोनच?" जयवंतराव म्हणाले. "मग उरलेल्या चार गेल्या कुठे?"

सभेत कुजबुज झाली. ए विंगने सहांचा आग्रह धरला, बी विंगने दोनांचा (बी विंगची लिफ्ट बंद असते, पाय वाचवण्याचं महत्त्व त्यांना ठाऊक आहे). शेवटी समितीने नंदाखालला जाऊन प्रत्यक्ष पाहणी केली. ॲंजेलाच्या आई क्लेमेंटीनबाईंनी चहा दिला. ऋतिका पोहली. सुमेधने दोन मोजल्या, जयवंतरावांनी चार, संपदाताईंनी सात (त्यातला एक मासा असावा). मी चहा पीत होतो.

"एवढ्या फेऱ्या मारल्या तरी पोरगी दमली नाय बघा," क्लेमेंटीनबाई म्हणाल्या. हा मुद्दा पाहणीच्या कक्षेत येत नव्हता.

तिन्ही आकड्यांची सरासरी काढून, वरचं किरकोळ सोडून, लाथांचं प्रमाण सव्वाचार ठरलं. पाव लाथ कशी मारायची, अशी शंका विलासने काढली. ती अंगठ्याने मारावी, असा निर्णय अध्यक्षांनी दिला. या अटीवर शिक्का मिळाला, आणि ऋतिका रोज कोरड्या तलावात बाकड्यावर पालथी पडून सव्वाचारचा सराव करू लागली. शेजारी पापड होतेच. तिची ढोपरं सोलवटली. वसुंधरा त्यांना हळद लावायची आणि आमच्याशी बोलायची नाही. तळमजल्याच्या तक्रारीवरून दुपारी दोन ते चार लाथांना बंदी करण्यात आली.

स्पर्धेला समिती मिनीबस करून गेली. दुर्बीण जयवंतरावांकडे होती. तलावाच्या पहिल्या काही फेऱ्यांत ऋतिकाने अंगठ्यासकट सव्वाचार मारल्या आणि ती सगळ्यांच्या मागे पडली. मला भरून आलं. मग श्वास घ्यायला मान वळवताना तिने एकदा आमच्याकडे पाहिलं, आणि तिचे पाय शांत झाले.

"दोन मारतेय," जयवंतराव म्हणाले, आणि दुर्बीण त्यांनी माझ्या हातात दिली. खरोखर दोनच होत्या.

आम्ही जागच्या जागी पाण्याकडे पाठ करून तातडीची सभा घेतली. शिक्क्याशी बेइमानी हा एकच विषय होता. संपदाताईंचं म्हणणं, संपूर्ण शर्यतीची सरासरी काढावी. मागे टाळ्या आणि शिट्ट्या सुरू झाल्या, तेव्हा सभा चालू आहे हे जयवंतरावांनी लोकांना शांतपणे सांगितलं. ऋतिकाला वर्षभर तलावात उतरायला मनाई करणारा ठराव मंजूर झाला.

परतीच्या वाटेवर मायलेकी मागच्या बाकावर होत्या. घोडबंदरला वसुंधरा पुढच्या बाकाकडे वाकली. मग म्हणाली, "तिला कुणी काही विचारणार आहात का?"

"विचारणार तर," जयवंतराव म्हणाले. "दोनच का मारल्यास?"

ऋतिकाने मूठ मांडीवर ठेवली. त्या मिटलेल्या मुठीतून बक्षिसाच्या रंगीत फितीचं टोक बाहेर आलं होतं. त्याचा रंग इतिवृत्तात घ्यायचा राहून गेला.

तेव्हापासून समितीत एक जागा रिकामी आहे (सुमेध भर सभेत मागे वळून पाण्याकडे बघताना आढळला). वाचकहो, आपण अर्ज करावा. आपणही इथवर आमच्यासोबत लाथाच मोजत आलात, आणि मुलगी कितवी आली हे आपण विचारलं नाहीत. आपली निवड बिनविरोध होईल.