बुरुजकऱ्याच्या अंगरख्याची हकीकत

श्री ॥ सुई धरणाऱ्या बोटांस आणि वीज वळविणाऱ्या बुद्धीस नमन करून, जे घडले तेवढेच लिहितो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी एका राज्यात ऐसे वर्तमान जाहले की, उत्तर बुरुजाचे बुरुजकरी बयाजीराव मोहोळकर पहाऱ्यावर असता घेरी येऊन पडले आणि बराच वेळ कोणास कळले नाही. मग गडाचे कारभारी विसाजीपंत यांनी अर्ज गुदरला की, यांस आता घरी बसवावे. बयाजीरावांचा जन्म त्या बुरुजावर गेलेला. त्यांस अन्न गोड लागेना. मग राणीसाहेबांनी शिवणखान्याच्या मुख्य मैनाबाई पटवेकर यांस बोलावून आज्ञा केली की, घालणारा माणूस पडताच खालच्या चौकीत घंटा वाजेल असा अंगरखा पौर्णिमेच्या दरबारी हजर करावा. न साधल्यास पंतांचा अर्ज मंजूर.

पूर्वी अशा कामी शिंपी एकीकडे आणि विजेचा कारागीर दुसरीकडे, आणि वस्त्र अंगी येई तेव्हा ते बगलेत काचे. मैनाबाईंनी यावर एक पेटी सिद्ध केली होती. तीत बोराएवढ्या चकत्या: एक शरीराचा कल ओळखी, एक दिवा लावी, एक दूरच्या घंटेस बिनतारी इशारा देई, एक तो इशारा थोडा वेळ अडवून धरी व तेवढ्यात कल सरळ जाहल्यास रद्द करी, आणि प्रत्येकीस टिचबटणे, आणि जोडावयास रुपेरी जर, जीतून वीज वाहे. टाका कच्चा घालावा, अंगात घालून हिंडावे, उसवावे आणि पुन्हा घालावा, ही तेथील शिस्त. त्या पेटीमुळे मनात आलेली गोष्ट सांजेपर्यंत अंगात घालता येई, हे तिचे मोठेपण. मग त्या चकत्या बसवून अंगरखा सिद्ध जाहला, आणि शिवणखान्यातले सगळे आळीपाळीने तो घालून गाद्यांवर पडले, आणि दर वेळी घंटा वाजली, आणि मैनाबाई निश्चिंत जाहल्या.

पौर्णिमेस बयाजीराव अंगरखा घालून पुढे आले आणि मुजऱ्यास लवले, तोच चौकीत घंटा घणाणली आणि चार शिपाई डोली घेऊन आत धावले.

"कोण पडलं?"

"अरे, कोणी नाही. मुजरा करतोय," बयाजीराव म्हणाले आणि दुसऱ्यांदा लवले, आणि घंटा पुन्हा वाजली.

राणीसाहेबांनी हात वर केला. "राहू द्या, बयाजीराव. डोलीवाले दमतील."

दरबार हसला. बयाजीराव हसले नाहीत.

विसाजीपंत म्हणाले, "मैनाबाई, शिवणखान्यात मुजरा करीत नाहीत वाटतं?"

"नाही, पंत. तिथे सगळे बसून शिवतात. चूक माझी."

"आणि राणीसाहेबांपुढे हे पांढरे कच्चे दोरे? पक्का टाका घालून आणायचं होतं."

"पक्का घातला असता, तर आत्ताच तुमचा अर्ज मंजूर झाला असता."

मग मैनाबाईंनी परवानगी घेऊन अंगरखा उतरवून घेतला, भर दरबारी गालिच्यावर बैठक मारली, आणि दोरा ओढून शिवण मोकळी केली, आणि म्हणाल्या, "लवलेला माणूस लगेच उठतो, पडलेला उठत नाही." आणि इशारा अडविणारी चकती मध्ये बसवून पुन्हा कच्चा टाका घातला. बयाजीरावांनी तो पुन्हा घालून मुजरे केले; घंटा गप्प राहिली.

"मुकी झाली असेल," पंत म्हणाले. "पडून दाखविल्याशिवाय मी मानायचा नाही."

बयाजीरावांनी अंगरखा उतरवून त्यांच्यापुढे धरला. "मग तुम्हीच पडा, पंत. मी आज पुष्कळ लवलो."

राणीसाहेबांनी मान डोलाविली, म्हणून पंतांस तो घालणे आले. ते गालिच्यावर आडवे जाहले. सगळे कान देऊन बसले. काही वाजेना, आणि बयाजीरावांचा चेहरा उतरू लागला. मग घंटा घणाणली, आणि शिपाई आत आले, आणि आडवा दिसला त्यास उचलून डोलीत घातले.

"अरे, मी आहे! मी!" पंत ओरडले.

"बोलू नका, पंत, दम लागेल," शिपाई म्हणाले आणि वैद्यांकडे पळाले.

सारांश, पंतांचा अर्ज फेटाळला गेला, आणि बयाजीराव त्याच सांजेस अंगरख्यानिशी बुरुजावर रुजू जाहले. पुढे मैनाबाईंनी पक्का टाका घालून देऊ केला असता ते म्हणाले, "राहू द्या. अजून काही सुचलं तर?" पांढरे दोरे त्या अंगरख्यावर आजही दिसतात.