शेवटच्या गाण्यातला परग्रहवासी

"तिसरी ओळ वाचा," चष्मेवाला म्हणाला.

खुर्चीत बसलेल्या दाढीवाल्या गिऱ्हाइकाने भिंतीवरच्या तक्त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "ती वाचतो नंतर. आधी खरं सांगा सर, त्यांनी तुमच्याशी पहिल्यांदा संपर्क कधी साधला?"

"कोणी?"

"परग्रहवासीयांनी."

दोष डोळ्यांचा नसून त्यांच्या जरा वरचा असावा, हे चष्मेवाल्याच्या लगेच लक्षात आलं. पण दाढीवाल्याने पिशवीतून एका कॅसेटचं कव्हर काढून समोर धरलं आणि चष्मेवाल्याच्या हातातली भिंग धरायची चौकटच गळून पडली. कव्हरवर चार पोरं उभी होती. डावीकडून दुसरा तो स्वतः होता. खांद्यावर गिटार आणि डोक्यावर इतके केस, की आता स्वतःचाच हेवा वाटावा.

तीसेक वर्षांपूर्वी या चौघांचा रॉक बँड होता. घराच्या माळ्यावर ते रोज संध्याकाळी तालीम करायचे आणि खालून आई झाडूच्या दांड्याने छताला ठोकायची. त्यांनी एकच कॅसेट काढली. ती नातेवाइकांनी भिडेखातर घेतली आणि भिडेखातर ऐकली नाही. मग एकाला नोकरी लागली, बेस गिटार वाजवणारा लंबू दूरदेशी गेला, आणि चष्मेवाल्याने वडिलांचं दुकान सांभाळलं. झालं. एवढाच त्या बँडचा इतिहास. तो कुणी तरी विचारावा म्हणून चष्मेवाला इतकी वर्षं वाट बघत होता, आणि विचारणारा आला तो हा असा.

"तुमची कॅसेट कुणीतरी इंटरनेटवर टाकली. आमचं अभ्यासमंडळ आहे. आम्हाला खुणा सापडल्यात," दाढीवाला आवाज खाली आणत म्हणाला. "ही बघा, तुमच्या डोक्यावर तरंगणारी चकाकती तबकडी."

ते आईच्या मोठ्या पातेल्याचं झाकण होतं. झांज घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून झाकण दोरीने टांगून बडवत.

"आणि पहिल्या गाण्यात 'हिरवा डोळा माझ्याकडे बघतो आहे' असं का लिहिलंत?"

तो अॅम्प्लिफायरचा दिवा होता. तो लागला तर यंत्र चालू, नाही तर तालीम बंद.

"आणि शेवटच्या गाण्यात गिटारच्या मागे एक आवाज आहे. अगदी बारीक. पृथ्वीवरच्या कुठल्याही भाषेशी जुळत नाही. सर, तो कुणाचा?"

हे मात्र चष्मेवाल्यालाही ठाऊक नव्हतं. एक-दोन वाक्यांत सगळा उलगडा करून दाढीवाल्याला वाटेला लावावं, असं त्याने ठरवलं आणि तोंड उघडलं. तेवढ्यात दाढीवाला दुसऱ्या गाण्याचं तिसरं कडवं म्हणू लागला. तालात, एकही शब्द न चुकता. ते कडवं चष्मेवाला स्वतः विसरून गेला होता.

"पाठ आहे तुम्हाला?"

"सगळी गाणी पाठ आहेत सर. मंडळात सगळ्यांनाच आहेत."

चष्मेवाल्याच्या सख्ख्या बहिणीने ज्या कॅसेटचं वेष्टणसुद्धा फाडलं नव्हतं, ती कुणालातरी पाठ होती! त्याने उघडलेलं तोंड मिटलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाला, "काही गोष्टी सांगता येत नाहीत हो."

इथेच घोळ झाला. दाढीवाल्याने तिथल्या तिथे मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं. खरं स्टेज, खरे माइक, शंभरेक श्रोते. चष्मेवाल्याने एवढ्यासाठी आख्खं तरुणपण काढलं होतं. तो 'हो' म्हणाला आणि दाढीवाला डोळे न तपासताच निघून गेला.

बँडचा ढोलवाला धडाम आता फरश्या आणि कमोड विकत असे. फोन ऐकून तो रडायच्या बेतात आला. पण हा गडी मुळातच तालात न राहणारा. दाढीवाल्याने त्याला गाठताच त्याने स्वतःच्या मनाने भर घातली.

"तू काय सांगितलंस त्याला?" चष्मेवाल्याने विचारलं.

"हेच, की मला ते वर घेऊन गेले होते. दोनदा."

"दोनदा कशाला, लेका?"

"एकदाच सांगितलं तर थाप वाटते रे."

तालीम धडामच्या गोदामात, कमोडांच्या रांगेसमोर सुरू झाली. चष्मेवाल्याची बोटं दुखत, धडामची पाठ धरत असे, पण दोघांच्या चेहऱ्यावर जुनं तेज आलं. घरी बायको चिंतेत पडली. "अहो, उद्या खरं कळलं तर? लोक दुकानात तोंड दाखवायला जागा ठेवणार नाहीत."

"एकदा वाजवू दे गं," तो म्हणाला. "एकदाच. मग कळू दे काय कळायचं ते."

आई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होती. "पुन्हा ते सुरू का?" एवढंच ती म्हणाली.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी ते शेवटचं गाणं बसवायला घेतलं. धडामने फोनवर जुन्या कॅसेटमधलं ते गाणं लावलं आणि मध्येच थांबवलं. "यात लंबूचा बेस कुठाय?"

"त्या दिवशी त्याची दाढ काढली होती. आलाच नाही तो."

"म्हणजे त्याची पट्टी कोरीच राहिली?"

चष्मेवाला गिटार घेऊन तसाच एका कमोडवर बसला. ध्वनिमुद्रणाचं यंत्र त्यांनी भाड्याने आणलं होतं. त्यात कॅसेटच्या फितीवर चार पट्ट्या असत, चौघांना एकेक. साध्या टेपरेकॉर्डरवर त्यातल्या दोन म्हणजे कॅसेटची एक बाजू आणि उरलेल्या दोन म्हणजे दुसरी बाजू. हे यंत्र मात्र चारही पट्ट्या एकाच दिशेने फिरवी. तेव्हा कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला आधीचं काही असेल आणि लंबू आला नसेल, तर त्याच्या पट्टीवरचं आधीचं तसंच राहणार. आणि ते वाजणार, पण उलटं. शिवाय त्या दिवशी नवी कॅसेट आणायला वेळ नव्हता म्हणून घरातल्या कपाटातली कुठली तरी एक उचलली होती, हेही त्याला आठवलं.

त्याने दाढीवाल्याला फोन केला. "तुम्ही तो आवाज कधी उलटा लावून ऐकलात का?"

"छे! बाकी सगळी गाणी आम्ही उलटी ऐकली सर. हे कशाला उलटायचं? हे तर सरळच परग्रहाचं आहे."

तो घरी आल्यावर बायकोने लॅपटॉपवर गाणं उलटं केलं. गिटारचा चोथा झाला आणि त्यामागून एक बाई गाऊ लागली. चष्मेवाल्याचंच गाणं, माळ्यावर आठवडेच्या आठवडे घोटलेलं. पण संथ, मऊ, जागच्या जागी सूर लावून. भांड्यांचे आवाज होते. एका ओळीपाशी बाई थांबली आणि स्वतःशीच म्हणाली, "इथे हा उगाच ओरडतो. इथे हळू हवं." आणि ती ओळ तिने हळू म्हणून पाहिली.

चष्मेवाला कोपऱ्यातल्या खुर्चीकडे गेला. "आई, ही तू?"

"मग कोण? माझी टेप होती ती. कपाटातून गेली ती गेलीच. मला वाटलं मोलकरणीने नेली. बिचारीला उगाच बोलले."

"पण तू तर खालून दांडा आपटायचीस!"

"ताल चुकला की आपटायची," आई म्हणाली. "तो धडाम चुकायचाच सारखा."

चष्मेवाल्याला हसावं की रडावं कळेना. कुणीच ऐकलं नाही म्हणून त्याने गिटार भिंतीला टांगली होती, आणि खालच्या खोलीत एक माणूस रोज ऐकत होतं, चुका काढत होतं, स्वतः गाऊन बघत होतं. आता त्याला स्टेजवर खोटं बोलवणार नव्हतं. कार्यक्रम रद्द झाला तरी चालेल, पण आईचा आवाज परग्रहाच्या नावावर खपवायचा नाही, असं त्याने ठरवलं. धडामने खूप समजावलं. "निदान वाजवून झाल्यावर सांग रे!" तो ऐकेना.

मेळाव्याला त्याने आईला पहिल्या रांगेत बसवलं. माइक हातात घेतला आणि झाकणापासून दाढेपर्यंत सगळं सांगून टाकलं. मग उलटा केलेला आवाज लावला. मागे कुणीतरी खुर्ची सरकवून उठलं. धडाम ढोलाआड जमेल तेवढा लपला. चष्मेवाल्याने गिटारचा पट्टा खांद्यावरून उतरवायला घेतला.

दाढीवाला उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आजी, कॅसेट निघण्याच्या आधीपासून तुम्हाला हे गाणं येत होतं?"

"हो तर."

"मंडळी!" दाढीवाला गरकन वळला. "गाणं आधी आजींकडे होतं! आपण चुकीच्या माणसाला विचारत होतो. मूळ संपर्क आजींशी झाला!"

"अरे, हे माळ्यावर बडवायचे आणि मी खाली भांडी घासायची," आई म्हणाली. "मी काय बहिरी होते?" पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. लोक उभे राहिले. 'आजी, गा' असा एकच गलका झाला. आईने दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा पदर सावरला आणि धडामचा हात धरून स्टेजवर चढली. चढता चढता त्याला म्हणाली, "तू फक्त माझ्या पायाकडे बघ. पाय हलेल तेव्हा वाजव."

ती गायली. आवाज कापत होता, पण सूर होता तिथेच होता. ओरडायची ओळ आली तसं तिने बोट वर केलं आणि चष्मेवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा ती ओळ हळू वाजवली. ती तशीच असायला हवी होती. त्याचे डोळे भरून आले, समोरचं सगळं धूसर दिसू लागलं. कार्यक्रम संपल्यावर आईसोबत फोटो काढायला रांग लागली. चष्मेवाल्याला कुणी ओळख सांगायलाही आलं नाही. एकाने त्याला फोन देऊन फोटो तेवढा काढायला सांगितला. त्याने काढला, आणि नीट आला नाही म्हणून पुन्हा काढला.

परतताना गाडीत चष्मेवाल्याने हळूच विचारलं, "आई, बाकीची गाणी पण येतात तुला?"

"एक सोडून सगळी."

"कुठलं नाही येत?"

"ते चौथं. ते तुम्ही घाईघाईत उरकलंत. चालच बसवली नव्हती नीट."

ते खरं होतं. तेवढं एकच गाणं त्यांनी कॅसेट भरावी म्हणून ठोकून दिलं होतं, आणि आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. चष्मेवाला रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिला. "उद्या बसवू या का?" तो म्हणाला.

"उद्या दुकान आहे तुझं," आई म्हणाली. "संध्याकाळी बस. आणि त्या धडामला बोलवू नकोस."