राखाडी कोटातलं हसू

"हसा, आजोबा!" फोटोग्राफर म्हणाला आणि दादाराव मनापासून हसले. त्याच क्षणी वरच्या दातांची कवळी सुटली, ती थेट लुंबिनीच्या होणाऱ्या सासूबाईंच्या खिरीच्या वाटीत. नातीच्या साखरपुड्याचा नेमका तोच फोटो गाझियाबादपासून अकोल्यापर्यंत फिरला.

दादारावांनी तिथंच ठरवलं, लग्नाच्या फोटोत हसायचं. दात जागेवर ठेवून.

गुरुग्रामच्या डॉक्टर हेमांगींनी स्कॅन पाहिला. "काका, वरच्या हाडात चार इम्प्लांट बसवू. कवळी त्यांवर टक्कन बसेल, काढून धुताही येईल. पण आधी दात कसे दिसणार ते ठरवायचं, मग इम्प्लांटच्या जागा. एखादा जुना, हसरा फोटो आणा."

इथंच घोडं अडलं. दादाराव केंद्र सरकारचे नोकर. उभा जन्म फोटोत ओठ मिटून बसलेले. दोन पेट्या उपसल्यावर तळाशी एकच सापडला. राखाडी कोटातला पोरगेला तरुण, कणसातून दाणे उमलावेत तसा हसणारा. चेहरा पुसट, पण कोट ओळखीचा; स्वतःच्या लग्नात शिवलेला! पुढच्या दोन दातांत फट दिसत होती. असेल बुवा. पडून गेलेले दात कोण लक्षात ठेवतो?

"काय दिसायचो यार मी!" ते पुटपुटले. बायकोला, शैलाबाईंना काही त्यांनी तो दाखवला नाही. 'कोणाकडे बघून हसत होतात?' असं विचारलं असतं तर?

फोटोवरून मेणावर बसवलेले नमुन्याचे दात बघायला मात्र त्या सोबत आल्या. दादारावांनी ते घातले आणि ऐटीत वळून हसले.

"अगं बाई! हा तर आमचा धम्मपाल!"

"तुझा भाऊ? इथं कुठं?" दादारावांनी दाराकडे पाहिलं.

"तुमच्या तोंडात!" फोटो पाहून तर त्यांना हसू आवरेना. "अहो, मुलाखतीला तुमचा कोट घालून गेला होता तो! अख्ख्या नात्यात कोट एकच. जो उठायचा तो त्यातच फोटो काढायचा!"

"टेन्शन नको काका, अजून मेणच आहे," हेमांगी म्हणाल्या. "फट बुजवू?"

दादारावांनी आरशात पाहिलं. मागे शैलाबाई पदरानं डोळे पुसत होत्या आणि पुन्हा पुन्हा हसत होत्या. कितीतरी दिवसांनी.

"राहू द्या," ते म्हणाले. "माझं हसू पाहिलंय कुणी? हे निदान हिच्या ओळखीचं तरी आहे."

सात महिन्यांनी लुंबिनीच्या लग्नात फोटोग्राफर पुन्हा म्हणाला, "हसा!" दादाराव खदाखदा हसले. दात जागचे हलले नाहीत. लुंबिनीच्या सासूबाईंनी तेवढी वाटी झाकून घेतली.

शेजारी अकोल्याहून आलेला धम्मपाल उभा होता. दादाराव ओशाळून कुजबुजले, "तुझे दात न विचारता घेतले बघ."

"असू द्या, भाऊजी." धम्मपाल तीच फट दाखवत हसला आणि त्यानं अंगातल्या राखाडी कोटाचं बटण लावलं. "मी तरी हा कुठं परत केलाय?"