शिट्टीऐवजी रुमाल

१९९८ साली धारवाडच्या आमच्या महिला थ्रोबॉल संघापुढे एक गंभीर प्रश्न उभा राहिला. प्रश्न शिट्टीचा होता.

संघातल्या श्रीलक्ष्मीअक्का आदल्या वर्षी खासगी बसने अळनावरहून येत होत्या. कंडक्टरने शिट्टी मारली, बस निघाली आणि उलटली. कशी, ते पुढे सांगतो. अक्कांचा हात मोडला, तो जुळला. पण शिट्टी ऐकली की अक्का असतील तिथे डोकं धरून खाली बसायच्या. त्यांना दसऱ्याला हुबळीविरुद्ध खेळायचं होतं, जीव त्यातच अडकला होता. "शिट्टीऐवजी रुमाल हलवा की, बाकीचं मी बघते," एवढंच त्या म्हणाल्या.

एवढ्यावर भागलं असतं. पण संघाचे चिटणीस प्रभंजनराव सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. सोपं काम सोपं ठेवायची त्यांना सवयच नव्हती. त्यांनी 'धक्काग्रस्त क्रीडा साहाय्य समिती' नेमली. मीही तिच्यात आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

समितीने शिट्टी बंद केली. मग प्रभंजनराव म्हणाले, "चेंडूचं काय? तोही अंगावर येतोच की." तेव्हा चेंडूतली हवा काढण्यात आली.

पुढचा नियम असा झाला, की जिला भीती वाटेल तिने 'ब्याड' म्हणावं, खेळ तत्काळ थांबेल. 'नको' हा शब्द विचारपूर्वक टाळला, कारण आमच्यात नको म्हटलं की आणखी वाढतात. कन्नडमधलं ब्याड बरं, अर्थ तोच, पण त्यात ताटाचा संबंध येत नाही.

दुसऱ्याच दिवशी सरावाला संघातल्या अंबूताईंनी पळायच्या आधीच ब्याड म्हटलं. शाळेत ड्रिलच्या मास्तरांनी त्यांना उन्हात उभं केलं होतं, त्याचा धक्का. विमलला नुसत्या उन्हाचा. कौसल्याबाईंना सासूबाईंचा, त्याचा खेळाशी काय संबंध, असं विचारणं क्रूरपणाचं ठरलं असतं. सगळ्यांना खुर्च्या मंजूर झाल्या, पाठोपाठ उप्पीटही. ते खाता खाता रोज कुणीतरी मायेने विचारायचं, "अक्का, बस नेमकी उलटली कशी हो? परत एकदा सांगा की." अक्का सांगायच्या नाहीत, मैदानाला एकट्याच फेऱ्या मारायच्या. समितीला हे लक्षण काही बरं वाटेना.

दसऱ्याला हुबळीचा संघ आला. आमचा संघ मैदानात खुर्च्यांवर विराजमान होता. अक्का तेवढ्या उभ्या.

"बसा हो अक्का," प्रभंजनराव म्हणाले, "हे सगळं तुमच्यासाठीच तर केलंय."

"ब्याड," अक्का म्हणाल्या.

समितीने जागच्या जागी खुलासा केला, की खऱ्या धक्काग्रस्ताचं ब्याड संकोचाचं असतं, तिथे आग्रह करावा. चौघींनी मिळून अक्कांना खुर्चीत बसवलं. त्या हात झटकून उठल्या, थेट हुबळीच्या कप्तान सावनीकडे गेल्या आणि रुमालाचं बोलल्या.

"एवढंच ना?" सावनी म्हणाली. पंचांनी शिट्टी खिशात टाकली आणि रुमाल काढला.

अक्का हुबळीकडून खेळल्या, हवा भरलेल्या चेंडूने. आम्हाला एकही गुण मिळाला नाही. शेवटचा चेंडू प्रभंजनरावांच्या उप्पिटात पडला. अक्का इतक्या हसल्या, की वर्षभरात कुणी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

पराभवाचा आम्हाला जबर धक्का बसला, म्हणून वर्षभराची विश्रांती एकमताने मंजूर झाली. आणि हो, बस कशी उलटली ते सांगायचं राहिलंच. तेवढ्यासाठीच तर तुम्ही इथवर वाचत आलात ना? या की. अक्कांची खुर्ची रिकामीच आहे.