मामाजींचा वायसर

कुठंही पाणी गळताना दिसलं की आमचे मामाजी आधी चपला काढतात. मग धोतर गुडघ्यापर्यंत खोचतात आणि मगच पुढे होतात, गळणारी वस्तू नळ असो, कूलर असो, नाहीतर शेजाऱ्यांची मोटारसायकल. मामाजी म्हणजे माझे सासरे. 'पाण्याले आधी विचारा लागते, कुठून जाऊन रायलं बाप्पा,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याची गंजी, म्हणजे मोठं पातेलं, गळत होती, तिथंही त्यांनी चपला काढल्या. मठ्ठा वाचला, चपला चोरीला गेल्या.

सगळं आयुष्य करडी गावात, धानाच्या म्हणजे भातशेतीच्या चिखलात गेलेलं. यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी चिखलात उतरणं बंद केलं, म्हणून शेत ठेक्यानं देऊन आम्ही त्यांना भंडाऱ्याला घेऊन आलो. पण मन रमेना. दिवसाआड पिशवी भरायचे, 'मी जातो करडीले.' तिकडे गेले की चिखलात उतरणार आणि गुडघा कायमचा जाणार, हे घरात सगळ्यांना माहीत. माझा नवरा पिशवी रिकामी करून करून थकला.

अशात आमच्या सिंकचा पाईप गळायला लागला. मामाजींनी जाहीर केलं, प्लंबर आणायचा नाही, मी पाहतो. आणि पिशवी भरणं बंद. मी मनात म्हटलं, गळू दे.

महिनाभर दुरुस्ती चालली. रोज सकाळी सिंकसमोर खुर्ची टाकून बसायचे, पाईपला कान लावायचे आणि हं हं करायचे. एकदा सायकलची ट्यूब कापून बांधली, एकदा चिंधी गुंडाळली. प्रत्येक इलाजानंतर गळती थोडी वाढायचीच. खाली बादली ठेवलेली. ती भरली की स्वतःच लंगडत घरामागं नेऊन ओतायचे. वर मला हुकूम, सिंकमध्ये फक्त तांदूळ अन् भाजी धुवायची, भांडी समोरच्या अंगणात घासायची. काहून, तर साबणानं जोडातला रबरी वायसर सडते. घरात सिंक असताना अंगणात उकिडवं बसून मी काय काय पुटपुटले, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शेवटी माझंच डोकं फिरलं आणि मी प्लंबर बोलावला. त्यानं नट उघडला, आत बोट फिरवलं आणि म्हणाला, "वहिनी, इथं वायसरच नाही."

मामाजींनी मुकाट्यानं बंडीच्या खिशातून वायसर काढून त्याच्या हातावर ठेवला. दोन मिनिटांत गळती बंद. मामाजी उरलेली अर्धी बादली उचलून मागच्या दारानं निघाले, आणि मी तणतणत त्यांच्या मागं.

घरामागं भिंतीलगत आम्ही अडगळ टाकतो, तिकडे मी कधी फिरकत नाही. अडगळ बाजूला सरकवलेली होती. चादरीएवढी जागा, भोवती चार बोटं उंच मातीची पाळ आणि आत धान उभं, अगदी हिरवंगार. ठेक्यानं शेत करणाऱ्यानं भेटायला येताना पिशवीतून मूठभर रोपं आणली होती म्हणे. आणि नेमकी यंदा पावसानं दडी मारलेली.

बादली हळूच ओतत मामाजी म्हणाले, "सात वर्साचा होतो तवापासून एकबी रोवणा चुकला नाही माहा."

रोवणा म्हणजे आमच्याकडे धानाची लावणी. मी विचारलं, मग सरळ नळाचं पाणी का नाही घेतलं?

"ते प्याचं पाणी. दिवसाआड येते. मांगायले लाज वाटे."

माझा राग कुठल्या कुठं गेला. एका घरात राहून या माणसाला बादलीभर पाणी मागायची लाज वाटावी, याची मलाच लाज वाटली.

"आता गळनं बंद झालं," ते म्हणाले. "मी जातो करडीले."

"उभं धान टाकून?" मी म्हटलं. "पाणी मी देईन, मामाजी. पण कापायचं कोणी?"

मामाजींनी रिकामी बादली पालथी घातली. मग म्हणाले, "अन् खळं कुठं करशीन?"

"गच्चीवर."

मामाजींनी मान वर करून गच्ची डोळ्यांनी मोजली.

"बारकी हाये," म्हणाले, "पण जमते."