पाठ खाजवण्यास मनाई

मुलांनो, एका जंगलात मंत्रिमंडळ होतं. जंगलाला मंत्रिमंडळ कशाला, असं विचारू नका. सिंहमहाराजांनीही विचारलं नव्हतं.

प्रत्येक मंत्र्याच्या पाठीवर एक बगळा बसायचा. तो गोचीड टिपायचा आणि टिपता टिपता कानाशी काहीबाही बोलायचा. मंत्र्यांना इतकं बरं वाटायचं, की ते डोळे मिटून 'हो, हो' म्हणायचे. या बगळ्यांना तळ्यातली मगर ताजे मासे पुरवायची. फुकट.

मग एके दिवशी पाणीमंत्री धोंडेराव गवे यांनी हुकूम काढला, की तळ्याचा काठ मगरीसाठी राखीव. कुणाला पाणी प्यायचं असेल, तर त्याने मगरीची समक्ष परवानगी घ्यावी. एक ससा परवानगी घ्यायला गेला. परवानगी मिळाली की नाही, ते कळलं नाही, कारण ससा परत आलाच नाही.

जंगलात ओरड झाली. महाराजांनी घाईघाईने नीतिसुधारणा जाहीर केली आणि भागूबाई साळिंदर यांना नीतिअधिकारी नेमलं. त्यांच्या पाठीवर आजवर कुणीच बसलं नव्हतं, एवढं महाराजांना पुरलं.

भागूबाई हरखून गेल्या. त्यांचं बीळ तळ्याजवळच होतं, आणि तहानेने जिभा बाहेर आलेली हरणं त्यांना रोज दिसत होती. त्यांनी सोपा कायदा केला: मंत्र्याला सुख देऊन त्याच्या कानाशी बोलणं हा गुन्हा.

बगळे निमूटपणे उडाले. त्यांचा म्होरक्या शुभ्रकांत याने तर भागूबाईंचं अभिनंदन केलं आणि तो बाभळीवर जाऊन स्वस्थ बसला.

आणि मग मंत्रिमंडळाला खाज सुटली. अर्थमंत्री रानडुक्कर चिखलात लोळायला गेले ते चर्चेला आलेच नाहीत. शिक्षणमंत्री अस्वल भाषण करता करता व्यासपीठाच्या खांबाला पाठ घासू लागले आणि व्यासपीठासकट खाली आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मुद्दा संपला.

धोंडेराव मात्र गुपचूप बाभळीकडे निघाले होते. भागूबाईंनी त्यांना वाटेत गाठलं.

"बाई, मला कायदा पटतो," धोंडेराव रडवेले होऊन म्हणाले. "पण पाठीला पटत नाही."

भागूबाईंना त्यांची दया आली. त्यांनी काटे जरा नरम केले, पाठ फिरवली आणि धोंडेरावांची पाठ खसाखसा खाजवून दिली. धोंडेरावांचे डोळे मिटले. जीभ बाजूला लोंबू लागली.

"साहेब," भागूबाई हळूच म्हणाल्या, "तळं सगळ्यांचं असावं, नाही का?"

"हो, हो," धोंडेराव म्हणाले.

हुकूम रद्द झाला. हरणं पोट फुटेस्तोवर पाणी प्यायली, माकडांनी उलट्या उड्या मारल्या, एका कासवाने धावायचा प्रयत्न केला. भागूबाईंच्या बिळासमोर मंत्र्यांची रांग लागली. त्या पाठी खाजवत गेल्या आणि कामं होत गेली. भागूबाईंना इतका आनंद झाला, की त्यांचे काटे वाऱ्याशिवायच सळसळू लागले.

मग शुभ्रकांतने दरबारात तक्रार केली.

महाराजांनी विचारलं, "भागूबाई, मंत्र्यांना सुख देऊन कानाशी बोललात?"

"बोलले, महाराज. पण खरं तेच बोलले."

"कायद्यात खरं-खोटं असं काही आहे?"

भागूबाईंनी आठवून पाहिलं. "नाही, महाराज. ते घालायचं मला सुचलं नाही."

नव्या कायद्याखाली दोषी ठरलेल्या त्या पहिल्या. शेवटच्याही त्याच. त्यांचं पद गेलं आणि त्यांनी करवून घेतलेले सगळे निर्णयही गेले. नवा नीतिअधिकारी शुभ्रकांत झाला. त्याने तिथल्या तिथे सुधारणा केली. बगळ्यांनी यापुढे मंत्र्यांच्या कानाशी कुजबुजायचं नाही. पाठीवर बसून मोठ्याने सल्ला द्यायचा. कारभार पारदर्शक झाला म्हणून दरबाराने जल्लोष केला. धोंडेराव डोळे मिटून 'हो, हो' म्हणाले, आणि तळ्याचा काठ पुन्हा मगरीचा झाला.

हरणं डोंगरापलीकडच्या झऱ्यावर राहायला गेली. भागूबाईही त्यांच्याबरोबर गेल्या. तिथे पाणी थोडं आहे, पण मंत्री एकही नाही. त्यामुळे ते सगळ्यांना पुरतं.

तात्पर्य: मुलांनो, मोठेपणी मंत्र्याला काही सांगायची वेळ आली, तर खोटंच सांगा. खरं सांगणं म्हणजे दबाव आणणं. खोट्याला सल्ला म्हणतात.