मुरूने लावलेल्या जोड्या

ताउनोकाका लंगडत शाळेच्या दारात आले, तेव्हा हिल्ला तिथेच उभी होती. काका गावाच्या शिक्षण समितीचे अध्यक्ष. शाळेतला रोबोटिक्सचा वर्ग बंद करायचा की नाही, यावर आज चार वाजता मतदान होतं, आणि त्या वर्गाची खोली काकांना सभागृहातल्या जुन्या खुर्च्या ठेवायला हवी होती. त्यातून गेले दोन आठवडे त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा ठणकत होता. सोमवारी आरोग्य केंद्रात नख काढायचं ठरलं होतं. स्वभावातला उरलासुरला गोडवाही त्यात आटला होता.

"खेळण्यांशी खेळून कुणाचं भलं झालंय?" बूट काढता काढता ते म्हणाले.

"खेळणं नाही, काका. मुरू काम करतो," सहावीतली हिल्ला म्हणाली.

आणि करत होता. बर्फाने भिजलेले बूट दारात काढायचे आणि मोज्यांवर वर्गात जायचं, हा शाळेचा नियम. त्यामुळे दारात रोज दीडशे पोरांच्या बुटांचा डोंगर व्हायचा. हिल्ला आणि तिची मैत्रीण केर्त्तू यांनी बनवलेला रोबोट मुरू आपल्या एकुलत्या एका हाताने तो डोंगर उपसून जोड्या लावायचा. महिन्याभरात एक चूक नाही.

समितीचे सहा जण वर्ग पाहून, वेलचीचा पाव आणि कॉफी घेऊन परत आले. बूट ओळीत चकाचक लागले होते.

"हा माझा नाही!"

"अहो, माझा उजवा तुम्ही घातलाय!"

"दोन्ही डावे कसे काय माझ्या वाट्याला?"

मुरू रंग बघून जोड्या लावायचा. पोरांचे बूट गुलाबी, हिरवे, पट्ट्यापट्ट्यांचे. ही सहा वडीलधारी माणसं मात्र गावातल्या एकमेव दुकानातून, एकाच सेलमध्ये घेतलेले काळे बूट घालून आली होती.

"बघा!" काका खुलले. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच. "आता मतदानाला मोज्यांवर जायचं का?"

"वीस मिनिटं द्या," हिल्ला म्हणाली. 

काका नाही म्हणणार, एवढ्यात शाळेच्या स्वयंपाकघरातल्या मार्केत्ताबाईंनी कॉफीची किटली पुढे केली. दुसरा कप नाकारायची त्या गावात कुणाची छाती नव्हती. समिती मुकाट्याने परत आत गेली.

"संपलं सगळं," केर्त्तू रडकुंडीला आली.

हिल्लाने एक बूट उलटा केला. "टाच बघ. बाहेरच्या बाजूने घासलीय."

"मग?"

"मग जो जसा चालतो, तसा त्याचा बूट झिजतो! रंग सोड. मुरूला तळ बघायला शिकवू."

दोघींनी लिहिलं, खोडलं, एकमेकींना मूर्ख म्हटलं, पुन्हा लिहिलं. चारला वीस कमी असताना मुरूने शेवटची जोडी लावली.

चार जणांनी बूट चढवले आणि खूश झाले. काका मात्र गरजले, "माझ्या उजव्याशेजारी हा कुणाचा डावा? माझा आतून फाटलाय, मला पक्कं ठाऊक आहे. माझा तिकडे ओस्सीच्या जोडीत ठेवलाय! झाली ना पुन्हा चूक?"

हिल्लाला वाटलं, आता खोलीत खुर्च्याच येणार. तरी ती म्हणाली, "काका, टाच तुमचीच आहे. एकदा घालून तर बघा."

तिला खोटं पाडायला काकांनी बुटात कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा काढून फेकला आणि पाय आत घातला. 

"बोटं हलतायत," ते हळूच म्हणाले.

समितीतल्या ओस्सीने आपला डावा बूट घातला आणि तोही चकित झाला. "अरे ताउनो, मी दोन आठवडे डाव्या बुटात वर्तमानपत्र कोंबतोय! म्हटलं, पाय बारीक होत चाललाय."

"दोन आठवडे?"

"माझ्याकडे सौनात वाफ घ्यायला आला होतास, तेव्हापासून. घाईघाईत माझा डावा घालून निघालास बघ."

दारातले सगळे हसले. काकाही हसले, न हसून करणार काय?

चार वाजता सहाच्या सहा हात वर्गाच्या बाजूने वर गेले. खुर्च्या ओस्सीच्या गोठ्यात पाठवायचं ठरलं. ही बातमी घेऊन काका स्वतः शाळेत परत आले, एकदाही न लंगडता. हिल्ला आणि केर्त्तूने एवढी जोरात किंकाळी फोडली, की मुरूचा हात आपोआप वर गेला.

काका दारातच आरोग्य केंद्राला फोन लावत होते.

"सोमवारची वेळ रद्द करा... हो, अंगठा बरा आहे... नाही, दुसऱ्या डॉक्टरकडे नाही गेलो." त्यांनी हिल्लाकडे पाहिलं. "सहावीतल्या मुलीकडे गेलो होतो."